संशोधन शाळेपर्यंत पोहोचते म्हणजे काय?

शिक्षणातले संशोधन एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, ही तक्रार कोणालाच नवी नाही. विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात, परिषदा भरतात, नियतकालिके निघतात. आणि तिसरीच्या वर्गावरचे शिक्षक त्यातल्या एका अक्षराचाही आधार न मिळता आपले काम करत राहतात. या दरीचा विषय निघाला की बहुधा दोनच आरोपी उभे केले जातात. संशोधक म्हणतात, शिक्षक वाचत नाहीत. शिक्षक म्हणतात, संशोधकांना वर्ग ठाऊक नाही. दोन्ही आरोपांत थोडेफार तथ्य असेलही. परंतु ही दरी बुजवण्याचे जे प्रयत्न गेल्या सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या देशांत झाले, त्यांचा इतिहास पाहू लागले की प्रश्न वेगळ्याच ठिकाणी असल्याचे जाणवते. संशोधन शाळेपर्यंत पोहोचते असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय पोहोचते? अहवाल? निष्कर्ष? की आणखी काही? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा माग अमेरिका, इंग्लंड आणि शेवटी भारत अशा क्रमाने काढणार आहोत. भारत शेवटी येतो तो आपला म्हणून नव्हे. या प्रश्नाचे आम्हाला सर्वांत पटलेले उत्तर वडोदरा आणि मुंबई येथे सुरू झालेल्या एका कामातून आले आहे, म्हणून.

सुरुवात न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरापासून करावी लागते. जोसेफ मेयर राइस हा व्यवसायाने वैद्य. जर्मनीत जाऊन त्याने शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि परत आल्यावर १८९२ साली अमेरिकेतल्या ३६ शहरांतल्या शाळा पाहिल्या. पुढे त्याने एक साधा प्रश्न घेतला: स्पेलिंग घोकण्यात मुलांचा जो वेळ जातो, त्याचा उपयोग किती होतो? वेगवेगळ्या शाळांतल्या सुमारे ३३ हजार मुलांना त्याने एकसारख्या चाचण्या दिल्या, आणि १८९७ साली 'द फोरम' या मासिकात निष्कर्ष छापले. रोज पंधरा मिनिटे घोकणारी मुले आणि त्याहून कितीतरी अधिक वेळ घोकणारी मुले यांच्या स्पेलिंगमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. उरलेला वेळ अक्षरशः वाया जात होता.

शाळा-अधीक्षकांनी हे निष्कर्ष स्वीकारले नाहीत. स्पेलिंग शिकवण्याचा हेतू केवळ स्पेलिंग येणे हा नसून मुलांच्या मनाला वळण लावणे हा आहे, तेव्हा चाचणी घेऊन त्याचे मोजमाप कसे होणार, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. राइसच्या या कथेकडे अधीक्षकांच्या अडाणीपणाची कथा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. राइसने ३३ हजार मुले तपासली. पण ती त्याने तपासली. शाळांच्या हाती आला तो मासिकातला लेख, आणि तोही त्यांच्या कामावर ठपका ठेवणारा. आपल्याच वर्गातल्या मुलांचे काय चालले आहे हे पाहण्याचे साधन ज्यांच्या हाती नाही, त्यांनी दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवून वर्षानुवर्षांची रीत मोडावी, अशी ही अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही यात नवल नाही.

यानंतरच्या काळात अमेरिकेत शैक्षणिक मापनाचे शास्त्रच उभे राहिले, विद्यापीठांत शिक्षण विभाग निघाले आणि संशोधनाचा ढीग वाढत गेला. ढीग वाढला म्हणजे तो लावून ठेवण्याची निकड येते. १९६४ साली अमेरिकेच्या शिक्षण कार्यालयाने 'एरिक' नावाची व्यवस्था सुरू केली. देशभर विषयवार केंद्रे नेमली गेली. अहवाल गोळा करायचे, त्यांचे सारांश काढायचे आणि मूळ मजकूर मायक्रोफिशवर, म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या पारदर्शक फिल्मवर, उतरवून ग्रंथालयांना पुरवायचा, असे तिचे काम होते. संगणक नुकतेच येऊ लागले होते त्या काळात हे मोठेच काम होते, आणि संशोधकांच्या कित्येक पिढ्यांना त्याचा उपयोग झाला. परंतु मायक्रोफिश वाचायला यंत्र लागते, यंत्र असते विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि शाळा सुटल्यावर तिथे जाऊन फिल्मवरचे प्रबंध वाचणारे शिक्षक कोणत्याही देशात विरळाच. ढीग नीट लावला गेला, पण तो राहिला तिथेच.

ही अडचण लक्षात घेऊन १९७४ मध्ये अमेरिकेने निराळा मार्ग काढला. एखाद्या शाळेत विकसित झालेली पद्धत खरोखर परिणामकारक आहे असे तज्ज्ञांच्या समितीने मान्य केले, की ज्यांनी ती विकसित केली त्याच लोकांनी इतर शाळांना ती दाखवायची, आणि शाळांना साजेशी पद्धत शोधून देण्यासाठी प्रत्येक राज्यात एक माणूस नेमायचा, अशी ती योजना. 'नॅशनल डिफ्यूजन नेटवर्क' हे तिचे नाव. तिच्यात कागदाऐवजी माणसे प्रवास करत होती, हा आम्हाला तिचा विशेष वाटतो. वीसेक वर्षे चालून १९९०च्या दशकाच्या मध्यावर काटकसरीच्या लाटेत ती बंद झाली. माणसे पोसणे महाग पडते आणि कागद स्वस्त. खर्च कपातीची वेळ आली की आधी कोण जाणार हे ठरलेले असते.

माणसांविना निष्कर्ष तेवढा प्रवासाला निघाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण त्याच सुमारास घडले. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांत एक मोठा प्रयोग झाला. मुले आणि शिक्षक सोडतीने वर्गांत वाटले गेले. काही वर्गांत १३ ते १७ मुले, काहींत २२ ते २५. लहान वर्गांतली मुले वाचनात आणि गणितात स्पष्टपणे पुढे गेली, आणि कृष्णवर्णीय मुलांना त्याचा लाभ अधिक झाला. शिक्षणातल्या इतक्या मोठ्या आणि नेटक्या प्रयोगांची संख्या फार नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ साली कायदा करून पहिल्या काही इयत्तांचे वर्ग वीस मुलांवर आणायला सुरुवात केली. सगळ्या राज्यात एकदम आणि घाईने. एवढ्या वर्गांना लागणारे हजारो शिक्षक आणायचे कोठून? जे मिळाले ते नेमले गेले. सुखवस्तू वस्तीतल्या शाळांत जागा निघाल्या तेव्हा गरीब वस्तीतले अनुभवी शिक्षक तिकडे गेले आणि त्यांच्या जागी अर्धवट प्रशिक्षण झालेले आले. खोल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा ग्रंथालये आणि संगीताच्या खोल्या वर्गांसाठी घेतल्या गेल्या. टेनेसीत मिळाला तसा लाभ ठळकपणे दाखवता आला नाही. टेनेसीचा निष्कर्ष चुकीचा नव्हता. तो ज्या परिस्थितीत निघाला, तीत शिक्षक पुरेसे होते आणि खोल्याही होत्या. कॅलिफोर्नियाला निष्कर्ष मिळाला, परिस्थिती मिळाली नाही.

इंग्लंडात हीच चर्चा वैद्यकाच्या उदाहरणाने पेटली. आर्ची कॉक्रन या डॉक्टराच्या विचारांतून १९९३ साली उभ्या राहिलेल्या कॉक्रन संघटनेने औषधोपचारांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासून डॉक्टरांपुढे ठेवण्याचे काम हाती घेतले होते. १९९६ साली डेव्हिड हारग्रीव्हज या प्राध्यापकांनी एका गाजलेल्या व्याख्यानात विचारले, की डॉक्टरांचा व्यवसाय संशोधनावर उभा असू शकतो तर शिक्षकांचा का नाही? पैसा खर्च होतो, पण वर्गात उपयोगी पडेल असे ज्ञान साठत नाही, असा त्यांचा रोख होता. शिक्षण-संशोधकांना हे फार झोंबले आणि बराच काळ वाद चालला. पुढे २००० साली सामाजिक विषयांसाठी कॅम्पबेल संघटना निघाली, आणि २००२ साली अमेरिकेत 'व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस' हा सरकारी उपक्रम सुरू झाला. कोणत्या अध्यापनपद्धतीला भक्कम पुरावा आहे आणि कोणत्या पद्धतीला नाही, हे कडक नियम लावून ठरवायचे, असे त्याचे काम. नियम एवढे कडक होते की बहुतेक अभ्यास गाळले गेले, आणि टीकाकारांनी त्याचे नाव फिरवून 'काहीच चालत नाही' असे सांगणारे दुकान म्हणून त्याची थट्टा केली. २००७ नंतर या संस्थेने शिक्षकांसाठी सोप्या मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली, त्या मात्र अधिक वाचल्या गेल्या.

या सगळ्या प्रयत्नांत सर्वांत चतुर म्हणावे असे साधन इंग्लंडात तयार झाले. २०११ साली तेथे गरीब घरच्या प्रत्येक मुलामागे शाळेला जादा निधी मिळू लागला, आणि हा निधी कशावर खर्च करावा असा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहिला. डरहॅम विद्यापीठातले स्टीव्ह हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या उपायांवरचे संशोधन चाळून एक तक्ता केला. प्रत्येक उपायापुढे तीन गोष्टी: खर्च किती ते पौंडाच्या चिन्हांनी, पुरावा किती भक्कम ते कुलपांच्या चित्रांनी, आणि मुले किती पुढे जातात ते महिन्यांच्या हिशेबाने. सांख्यिकीतली प्रमाण विचलनाची भाषा बाजूला ठेवून 'अमुक महिन्यांची जादा प्रगती' असे म्हटले की कोणालाही समजते. त्याच वर्षी सव्वाशे दशलक्ष पौंडांच्या सरकारी देणगीवर 'एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने हा तक्ता सांभाळला, वाढवला. अनेक देशांनी तो उचलला.

सोपेपणाची किंमतही लगेच दिसली. तक्त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत वर्गातल्या मदतनिसांपुढे खर्च मोठा आणि प्रगती जवळजवळ शून्य, असा निकाल होता. इंग्लंडच्या शाळांत अशा मदतनिसांची संख्या फार मोठी. काहींनी या ओळीचा सरळ अर्थ लावला: मदतनीस कमी करा, पैसे वाचवा. प्रत्यक्षात त्या निकालामागे २००३ ते २००८ या काळातला एक मोठा अभ्यास होता, आणि त्याचे सांगणे असे, की मदतनिसांना पुरेसे प्रशिक्षण न देता त्यांच्याकडे सर्वांत मागे पडलेली मुले सोपवली जात; म्हणजे ज्या मुलांना शिक्षकाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच वाट्याला शिक्षक सर्वांत कमी येई. पुढे झालेल्या प्रयोगांत असेही दिसले, की त्याच मदतनिसांना नीट शिकवून, ठरावीक वेळ, छोट्या गटाबरोबर, आखून दिलेले काम करू दिले, तर मुले चांगली पुढे जातात. २०१५ साली संस्थेने याविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तक्त्यातला एक आकडा आणि त्यामागची हकीकत यांत एवढे अंतर होते. हे मदतनीस वाचकांनी ध्यानात ठेवावेत; त्यांच्याच जातीची माणसे पुढे वडोदऱ्यात आणि मुंबईत भेटणार आहेत.

या संस्थेचे एक कौतुक मात्र केले पाहिजे. संशोधन शाळांना कळवल्याने मुलांचे खरोखर भले होते का, हाच प्रश्न तिने प्रयोगाला लावला. इंग्लंडातल्या हजारो प्राथमिक शाळा सोडतीने गटांत वाटल्या. काहींना वाचन-लेखनावरच्या संशोधनाच्या सुबक पुस्तिका पाठवल्या, काहींना त्याबरोबर परिसंवादांची वगैरे निमंत्रणे दिली, काहींना काहीच दिले नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की मुलांच्या वाचनात कोणत्याही गटात फरक पडला नाही. पुस्तिका चांगल्या होत्या, संशोधन खरे होते, टपाल वेळेवर पोहोचले होते. राइसचा लेख जिथे अडला होता, तिथेच सव्वाशे वर्षांनंतरची सुबक पुस्तिकाही अडली. यापूर्वीच, २०१६ पासून, या संस्थेने काही निवडक शाळांनाच आपल्या परिसरातल्या इतर शाळांच्या मदतीला नेमायला सुरुवात केली होती. कागदाकडून पुन्हा माणसाकडे, असे हे वळण होते.

आता आपल्याकडे येऊ. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी त्याआधीच, १९४८ साली, मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली होती. ती पुढे पुण्याला आली. शेजारपाजारच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकींना मदत करावी, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाच्या अहवालातलीच. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ साली वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली निघाला. मोलाचे काम; पण ते इंग्रजीत. त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांना विज्ञान अधिक समजते, हे वर्गांत करून पाहिले. त्यांचा याविषयीचा शोधनिबंधही इंग्रजी नियतकालिकात गेला. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही; विद्वानांचा व्यवहारच त्या भाषेत चालतो. परंतु भाषेच्या अडसरावरचे संशोधन ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते परक्या भाषेत मिळावे, यात एक विसंगती आहे खरी. मराठी शिक्षकांसाठी मराठीत नियतकालिक चालवण्याची परंपरा तर आपल्याकडे जुनी. 'निबंधमाले'चे विष्णुशास्त्री चिपळूणकरही 'शालापत्रका'चे संपादक होतेच की!

बुचांच्या आढाव्यानंतर पाव शतकाने, त्याच वडोदऱ्यात आणि मुंबईत, एक निराळा प्रकार घडला. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीपर्यंत येऊनही ज्यांना अक्षरओळख नाही अशा मुलांसाठी संस्थेने एक व्यवस्था केली. वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली एक तरुणी नेमायची. तिने रोज दोन तास अशी पंधरा-वीस मुले वर्गातून वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना जे येत नाही तेथून सुरुवात करायची. तिचे नाव बालसखी. तिचे मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांच्या आसपास. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात या दोन शहरांत तिच्या कामाची पाहणी केली. कोणत्या शाळेत बालसखी तिसरीला द्यायची आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे सोडतीने ठरवले, म्हणजे तुलना करता आली. मुलांचे गुण वाढले, आणि वाढले ते मुख्यतः तळाच्या मुलांचे. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्लंडातल्या मदतनिसांच्या हाती मागे पडलेली मुले दिली की ती मागेच राहत होती. बालसखीच्या हाती दिलेली मुले पुढे येत होती. बालसखीकडे मदतनिसांपेक्षा पदवी मोठी नव्हती. तिच्याकडे एकच काम होते, ठरलेला वेळ होता, आणि मूल कोठे आहे हे तिला माहीत होते.

मूल कोठे आहे हे कळण्यासाठी 'प्रथम'ने एक साधन घडवले. एका कागदावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या स्तराचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या स्तराची एक छोटी गोष्ट. मुलाला जवळ बसवून वाचायला लावायचे; जिथे ते अडेल ती त्याची पायरी. पाच-दहा मिनिटांत काम होते, आणि ते कोणालाही शिकता येते. २००५ पासून याच साधनाने 'असर' ही ग्रामीण भारताची पाहणी होते आहे. २०२४च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीत बसली आहेत आणि दुसरीचे वाचता येत नाही. संशोधन शाळेपर्यंत पोहोचते की नाही, या चर्चेत पणाला काय लागले आहे, ते या मुलांवरून कळावे. वर्गात पाचवीचा धडा चालू असतो, आणि त्या धड्यातली ओळ वाचता न येणारे मूल शांत बसून असते. ते त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

साधन हाती आले की काम झाले, असे मात्र नाही. या संस्थेच्या वाटचालीतला सर्वांत शिकवणारा भाग तिच्या अपयशांचा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावकऱ्यांना मुलांची चाचणी घ्यायला शिकवले गेले; गावाचे प्रगतिपुस्तक गावानेच तयार केले. आता लोक शाळेला जाब विचारतील, अशी अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. शाळांत फरक पडला नाही. पण त्याच जिल्ह्यात जिथे स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची रीतही दिली गेली, तिथे त्यांच्या वर्गांना आलेल्या मुलांनी प्रगती केली. माहिती आणि तिच्यावर करायची कृती, दोन्ही हातात हात घालून आल्या तेव्हाच काही घडले. पुढे बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत हीच पद्धत वापरली तेव्हा मुले पुढे गेली. मात्र शाळेच्या चालू वर्षात त्याच राज्यातल्या शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिले, तेव्हा काही उपयोग झाला नाही. शिक्षक तसेच, पद्धतही तीच. फरक होता तो अभ्यासक्रमाचा. उन्हाळ्यात तो पुरा करण्याचे ओझे नव्हते; जून-जुलैत ते परत आले आणि साहित्य कपाटात गेले.

हे अपयश लपवले गेले नाही, छापले गेले. म्हणून हरयाणात २०१२-१३ मध्ये निराळी आखणी करता आली. शाळेच्या वेळापत्रकातच रोजचा एक तास या कामासाठी राखला. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून मुले पायरीप्रमाणे बसवली. आणि शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गात ही पद्धत वापरून पाहिली, मगच शिक्षकांना शिकवली. हिंदी वाचन-लेखनात मुले पुढे गेली. याच राज्यात त्याच वेळी दुसरा एक उपक्रमही तपासला जात होता: शिक्षण हक्क कायद्याने आणलेले सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. त्याचा मुलांच्या शिकण्यावर काही परिणाम दिसला नाही. दोन्ही उपक्रम मूल कोठे आहे ते पाहण्याचेच होते. एकात पाहून झाल्यावर मूल दुसऱ्या गटात जाऊन बसत होते, दुसऱ्यात नोंदवहीचा रकाना भरत होता. आपल्या शाळांतली 'आकारिक' आणि 'संकलित'ची कागदपत्रे ज्यांनी भरली आहेत, त्या शिक्षकांना हा फरक वेगळा समजावण्याची गरज नाही.

बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा सोडतीच्या प्रयोगपद्धतीची पुष्कळ वाहवा झाली आणि तिच्यावर टीकाही झाली. गरिबीच्या मूळ कारणांना ही पद्धत हात घालत नाही, असा टीकेचा रोख होता, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. वर्गात शिक्षकच नसेल तर पायरीप्रमाणे कोणाला बसवणार? परंतु आमच्या दृष्टीने या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट सोडत नाही. ती आहे, एका कामाचे निष्कर्ष, फसलेल्या प्रयत्नांसकट, त्याच कामाकडे पुन्हा पुन्हा परत येत राहिले ही. वडोदऱ्याने जौनपूरला शिकवले, जौनपूरने बिहारला, बिहारने हरयाणाला. टेनेसीने कॅलिफोर्नियाला असे काही शिकवले नाही. कॅलिफोर्नियाने फक्त ऐकले.

तेव्हा संशोधन शाळेपर्यंत पोहोचते म्हणजे काय, या प्रश्नाला या इतिहासातून मिळणारे उत्तर आम्हाला असे दिसते. आपल्याच मुलांकडे पाहण्याची एक सोपी रीत शिक्षकाच्या हाती येणे; पाहिल्यावर करायची कृती तिच्या सोबत येणे; त्या कृतीसाठी वेळापत्रकात जागा होणे; आणि ज्याने ती स्वतः करून पाहिली आहे असा कोणी शेजारी असणे. एवढे असले तर निष्कर्ष आपोआप पटतो, कारण तो शिक्षकाला स्वतःच्या वर्गात दिसतो. एवढे नसेल, तर तो मायक्रोफिशवर असो, सुबक पुस्तिकेत असो की तक्त्यात, फारसा फरक पडत नाही.

याचा अर्थ साठवणूक निरुपयोगी, असा कोणी काढू नये. २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने शिक्षण-संशोधन संस्थेचे बहुसंख्य करार रद्द केले, मार्चमध्ये तिचे बहुतेक कर्मचारी कमी केले. 'व्हॉट वर्क्स'चे काम त्यात सापडले आणि साठ वर्षांच्या 'एरिक'चाही निधी कापला गेला. पिढ्यांनी जमवलेले काही आठवड्यांत मोडता येते, हे त्यावरून दिसले. कपाटे हवीतच. पण कपाट भरले म्हणजे शाळेपर्यंत गेलो, ही समजूत सोडायला हवी.

आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदा भरतात. म्हणजे कोठारी आयोगाने कल्पिलेल्या शेजारधर्माचा सांगाडा उभा आहे. या परिषदांत परिपत्रके वाचली जातात, माहिती मागवली जाते, पुढच्या महिन्याचे उपक्रम सांगितले जातात. तेथे एखाद्या शिक्षिकेने उठून सांगावे, की माझ्या चौथीतली अकरा मुले शब्दांवर अडली होती, मी महिनाभर अमुक केले, त्यातली सात परिच्छेदापर्यंत आली आणि चार आली नाहीत, त्या चारांचे काय करावे ते मला कळत नाही. आणि शेजारच्या शाळेतल्या कोणीतरी आपल्या वर्गात काय झाले ते सांगावे. हेही संशोधनच आहे, आणि ते मराठीत आहे. न आलेल्या त्या चार मुलांविषयी भरसभेत बोलता येईल, आणि बोलल्याबद्दल खुलासा मागितला जाणार नाही, एवढी व्यवस्था मात्र करावी लागेल. ती करायला संशोधक लागत नाहीत.